टाकी फुटली नव्हती, दाजी

दाजी,

वर ‘प्रिय’ लिहिलं होतं, ते खोडलं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण तुमच्याशी गोड बोलायची आज माझी अजिबात इच्छा नाही. एरवी मी पत्रं लिहिणारा माणूस नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण आज सकाळी ताई टेम्पो करून उल्हासनगरला माझ्या वर्कशॉपवर आली आणि तुम्ही चामटोलीच्या शेडमध्ये स्वतः बांधलेल्या विमानाची पेट्रोलची टाकी माझ्या दारात उतरवून गेली.

“ही घे तुझी टाकी. माझ्याकडे नको,” म्हणाली. पाणी विचारलं तर नको म्हणाली. शटरच्या आत पाऊल टाकलं नाही. शेजारचे पत्र्याचे व्यापारी जेठाशेठ, त्यांचे हमाल, समोरचा चहावाला, सगळे बघत होते. सख्खी बहीण भावाच्या दारात उभी राहून सांगते, “तुझ्या टाकीनं माझा माणूस खाल्ला.” मी यावर काय बोलायचं होतं? तुम्हाला प्रत्येक गोष्टीचं उत्तर यायचं ना? मग याचंही देऊन जायचं होतं.

दिवाळीनंतर तुम्ही चामटोलीच्या शेतात विमान घेऊन पडलात, तेव्हापासून मी हेच ऐकतोय. इंजिन हवेत बंद पडलं, टाकीत पेट्रोल तर भरपूर होतं. म्हणजे ते इंजिनापर्यंत पोचलं नाही. टाकी कुणी केली? मेहुण्यानं. मग वेल्डिंगचा कचरा आत राहिला असणार. त्यात टाकीचं पोट आत गेलेलं, म्हणजे पत्राही हलका मारला असणार. तुमच्या तेराव्याला तुमच्या चुलतभावानं पंगतीत हे मोठ्यानं ऐकवलं. मी पानावरून उठलो नाही. पुढे तुमच्या लेकीला, पल्लवीला मुलगी झाली. बारशाला मला बोलावणं आलं नाही.

आणि खरं सांगू? मलाही शंका होती. वरून कितीही ताठ राहिलो तरी मनात यायचं, राहिला असेल का एखादा कण? धुताना काही सुटलं असेल का? इतके महिने मी हे पोटात घेऊन फिरलो. केलेला प्रत्येक सांधा मी कधी नव्हे ते दोन-दोनदा तपासायला लागलो.

वेल्डिंग मला शिकवलंत तुम्हीच. आयटीआयला मी नापास व्हायच्या बेतात होतो, तेव्हा स्कूटरवर मागे बसवून अंबरनाथच्या तुमच्या कंपनीच्या गेटपर्यंत नेलंत आणि सुट्टीनंतर तिथल्याच एका गाळ्यात हातात वेल्डिंगची टॉर्च दिलीत. त्या स्कूटरमध्ये पेट्रोल कधी असायचं का हो? लग्नानंतर पहिल्याच वर्षी बदलापूरहून येताना तुमची गाडी भर रस्त्यात बंद पडली. ताईला आणि मला खाली उतरवून तुम्ही स्कूटर आडवी केलीत, पुन्हा उभी केलीत, किक मारलीत, आणि वर आम्हालाच सांगितलंत, “पेट्रोल संपत नसतं, ते कोपऱ्यात लपतं.” ताई हसली होती. मीही हसलो. आता वाटतं, तिथेच तुमचा कान पिळायला हवा होता कुणीतरी.

पण विमानाच्या बाबतीत मात्र तुम्ही काय सोवळं पाळलंत! दोन टाक्या नकोत, एकच हवी. का, तर दोन असल्या की एकीवरून दुसरीवर जायचा पेट्रोलचा कॉक फिरवायला माणूस विसरतो. “विलास, चूक करायला जागाच ठेवायची नाही,” हे तुमचं वाक्य. तळाला पाणी काढायची तोटी हवी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं म्हणून रबराच्या नळ्या फुगतात, त्या बदलल्यात. उडायच्या आधी बाटलीत थोडं पेट्रोल काढून उन्हात धरून पाण्याचा थेंब शोधायचात, हळदीकुंकवाला आलेल्या बायका साडीचा पोत बघतात तसे. झाकण हवाबंदच पाहिजे, पावसाचं पाणी आत जाता कामा नये, म्हणून मला टाकी तीनदा करायला लावलीत. हवा आत यायला वरून एक बारीक नळी, तीही तुम्हीच काढून दिलेल्या आकाराची. तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडल्याशिवाय तेल धड पडत नाही, हे उल्हासनगरच्या कुठल्याही दुकानदाराला कळतं. एकातून तेल येतं, दुसऱ्यातून हवा जाते. ती नळी म्हणजे ते दुसरं भोक.

ताई गेल्यावर मी टाकी टेबलावर घेतली. पोट आत गेलं होतं, पण बाहेरून एक ओरखडा नाही, ठोक नाही. तेव्हाच खटकलं. गळती बघायची म्हणून साबणाचं पाणी फिरवलं आणि त्या हवेच्या नळीतून हवा मारायला गेलो. हवा जाईना. जेठाशेठ मघापासून माझं तोंड बघायला आत येऊन उभे होते, त्यांनी वाकून नळीत मोबाइलचा टॉर्च मारला. “साईं, इसमें तो मिट्टी भरी है,” म्हणाले.

कुंभारणीनं केलेलं घर, दाजी. ती काळी माशी चिखलाचे गोळे आणून बांधते ते. नळी आतून गच्च भरलेली. मी तारेनं खरवडून काढलं, मग सगळ्या तोंडांना बूच मारून पुन्हा हवा भरली. माझ्या टाकीच्या एकाही सांध्यातून एक बुडबुडा आला नाही. ती फुटली नव्हती. कचराही नव्हता. तुमच्या इंजिनाचा पंप पेट्रोल ओढत राहिला, आत हवा जायला वाट नव्हती, म्हणून टाकीच आत ओढली गेली. पोरं स्ट्रॉनं सरबताचा खोका ओढतात तसं झालं. मग पेट्रोल यायचं थांबलं.

आता तुम्ही मला एक सांगा. ही नळी साफ केली असं मला कोण म्हणालं होतं?

तुम्हाला आठवत नसेल तर आठवण करून देतो. पल्लवी पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. ताई डबा घेऊन चामटोलीच्या शेडवर गेली, तिनं ती माशी नळीत ये-जा करताना पाहिली. आमच्या आईनं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं, घरात पोटुशी बाई असली की कुंभारणीचं घर मोडायचं नाही. ताईनं तेच तुम्हाला सांगितलं. तुम्ही दुकानात येऊन मला हसत हसत म्हणालात, “तुझ्या ताईचा हुकूम आहे. पोरगी मोकळी होईपर्यंत नळीला हात लावायचा नाही.” मी तेव्हाच म्हणालो होतो, “मग तोवर इंजिनालाही हात लावायचा नाही, दाजी. नळी बंद तर विमान बंद.” त्यावर तुम्ही म्हणालात, “तू मला शिकवतोस?”

पुढच्या आठवड्यात मी फोन केला. नळीचं काय झालं विचारलं. “झाली, झाली साफ,” म्हणालात. दोनदा म्हणालात. माणूस खरं बोलतो तेव्हा एकदाच बोलतो, हे मला तेव्हा कसं कळलं नाही, कोण जाणे.

बायकोचा शब्द मोडायचा नव्हता, मेहुण्याची कटकट नको होती आणि विमान तर पळवायचं होतं. म्हणून तुम्ही जमिनीवर झाकण सैल ठेवून इंजिन चालवत असणार. त्या दिवशी जोरात पळवायचं म्हणून, पेट्रोल उडू नये म्हणून, झाकण घट्ट केलंत. टाकी आज आली तेव्हाही ते घट्टच होतं. उडवायच्या परवानगीचा कागद आलेला नव्हता. ताईला सांगितलंत, “फक्त पळवणार, उडवणार नाही.” ती बांधावर उभी होती. तिच्या डोळ्यांसमोर चाकं सुटली, विमान वर गेलं आणि आवाज बंद झाला. हे तुम्ही तिला दाखवलंत. कशासाठी? कोण बघत होतं तुमच्याकडे, तिच्याशिवाय?

इथवर लिहिलं तेव्हा मला वाटत होतं की आता सुटलो. सुनंदाही हेच म्हणाली. माझी बायको आहे ती, तिला माझी बाजू घ्यायचा हक्क आहे. “आजच ती माती कागदात बांधा, अंबरनाथला जा आणि त्यांच्या चुलतभावाच्या पुढ्यात टाका,” म्हणाली. मी माती गोळा करायला घेतली. त्यात मला केसांचा आकडा सापडला. काळा, अर्धा तुटलेला, मातीत रुतलेला. मग आठवलं, मी तार घालायच्या आधीच नळीच्या तोंडाशी माती कुणीतरी खरवडलेली होती आणि भुगा तिथेच पडून होता. विमान पळायच्या आधी कुणी खरवडलं असतं तर तो भुगा वाऱ्यानं कधीच उडून गेला असता.

मोडलेलं विमान नंतर शेडमध्येच आणून ठेवलं होतं आणि शेडची किल्ली ताईकडे आहे. म्हणजे तुम्ही गेल्यावर ती तिथे एकटी जाऊन, अंबाड्यातला आकडा काढून, ते घर मोडत बसली होती. नळी कशासाठी असते हे तिला ठाऊक होतं. येईल त्याला तुम्ही ते समजावून सांगायचात. माझ्या बहिणीला सगळं कळलेलं आहे, दाजी. पहिल्या दिवसापासून कळलेलं आहे. “तुझी टाकी, तुझी टाकी” म्हणून ती ओरडते, कारण ते थांबवलं तर तिला दुसरंच काहीतरी म्हणावं लागेल.

माझा तिच्यावरचा राग तिथल्या तिथे गेला. तो सगळा तुमच्या नावावर जमा झालाय.

काय करून ठेवलंत हे? मी खरेपणानं हात वर केले तर दोष सरळ तिच्या पदरात पडतो. चुलतभाऊ उद्या हेच म्हणेल, बाईच्या खुळ्या समजुतीनं माणूस गेला. मी गप्प राहिलो तर मी टाकीवाला खुनी, आणि ती जन्मभर आतल्या आत कुरतडत राहणार. भंगारवाला तिच्या बिल्डिंगखाली रोज ओरडत जातो. त्याला दिली असती तर एका मिनिटात प्रश्न मिटला असता. नुसत्या शिव्याच द्यायच्या होत्या तर फोन होता. तरी ती टेम्पो करून, अख्खा बाजार बघत असताना, टाकी माझ्याच दारात आणते. मी ती उघडल्याशिवाय राहणार नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत आहे? तिच्या तोंडून निघत नाही ते मी काढावं, एवढंच तिला हवंय.

म्हणून माझा शब्द घ्या. उद्या मी अंबरनाथ पूर्वेला तुमच्या घरी जाणार. चुलतभावाला बोलावणार नाही, पंचायत भरवणार नाही. ताईला समोर बसवून सांगणार की मला सगळं सापडलंय, आकडासुद्धा. ती रडेल, मला हाकलेल. मी जाणार नाही. विमानात बसायच्या आधी नळी बघायचं काम कुणाचं असतं, हे तुम्हीच मला शिकवलंत, तेच तिला सांगणार. दोष कुणाचा, असं घरातल्यानं विचारलं की बाहेरच्यानं, मी तुमचं नाव घेणार, आणि घेताना माझी जीभ अडखळणार नाही. तुमच्या फोटोला हार घालणाऱ्यांना ते आवडणार नाही. न आवडो. तुम्हाला आता कशानं लागायचं राहिलं नाही. तिला अजून जगायचंय.

तिनं तुम्हाला एका माशीचं घर मोडू नका म्हणून सांगितलं होतं, दाजी. उडा म्हणून सांगितलं नव्हतं.

तुमचाच मेहुणा,
विलास