योगायोगाने आमचंच घर

बुधवार, ६ मार्च

आज पुन्हा "योगायोगाने" आमचंच घर सापडलं! तीन गावं, एक खिंड, वाटेत शंभरेक दारं — आणि गाईडसाहेबांचा हात बरोबर आमच्याच कडीवर. यिदिर त्या नऊ फ्रेंच पाहुण्यांना सांगत होता, "बघू या, एखादं कुटुंब आपल्याला चहाला आत घेतंय का. डोंगरातली माणसं फार अगत्याची." मी सकाळपासून मातीच्या भांड्यात मांसाचं ताजीन निखाऱ्यावर ठेवून बसले होते. अगत्य असं आधी शिजत घालावं लागतं.

मग त्याने छातीवर हात ठेवला, मान लववली आणि मला म्हणाला, "बाई, आम्ही वाटसरू आहोत." पोटचा पोर! आमच्यात मुलगा उंबरा ओलांडतो तो आईच्या डोक्यावर ओठ टेकवून. याने गेल्या उन्हाळ्यापासून टेकवलेले नाहीत. माराकेशच्या त्या सहल कंपनीत लागला, पहिला गट घेऊन यायच्या आदल्या दिवशी फोन केला, "आई, तू माझी आई आहेस हे त्यांच्यापुढे दाखवायचं नाही. कामाची पद्धत आहे." पद्धत कसली. आईचे भेगाळलेले हात आणि चुलीचा धूर — लाज वाटते, एवढंच.

कुत्र्याला मात्र ही पद्धत अजून समजलेली नाही. यिदिर दिसला की त्याच्या अंगावर उड्या, तोंड चाटणं, शेपटीने सगळं अंगण झाडून काढणं. यिदिर म्हणाला, "इथली कुत्री फार प्रेमळ असतात." गेल्या वर्षी याच कुत्र्याने पोस्टमनची पोटरी फाडली होती.

पुढे मला दाखवून म्हणाला, "या बाईंनी कधी समुद्र पाहिलेला नाही." मी अगादीरला, ऐन समुद्रकाठी, मासळीच्या कारखान्यात चार वर्षं काढली. सार्डिनचा वास अजून नखांत असेल. आणि फ्रेंच मी तिथेच शिकले, मुकादमाच्या शिव्यांपासून सुरुवात करून. पण मला फ्रेंच येत नाही हेही त्याने सांगून टाकलंय. मी समुद्र न पाहिलेल्या बाईसारखी हसले. छान जमतं आता.

गुरुवार, ७ मार्च

काल झोपताना वाटलं ते आज लिहून ठेवते. मला त्याच्याकडून काही नको. माझ्याच उंबऱ्यावर, त्या लोकांदेखत, त्याने मला आई म्हणावं. बस्स.

रविवार, १० मार्च

आज पाटाच्या पाण्यावरून शेजारच्या इज्जाशी वाजलं. तिची पाळी खडकावरची सावली दुसऱ्या खुणेला लागेपर्यंत. सावली खुणेपुढे चार बोटं गेली तरी बाईसाहेबांच्या कांद्यांत पाणी चालूच. मी जाऊन चिखलाचा बांध घातला आणि पाणी वळवलं.

"अगं, तुझी पाळी उद्या आहे. तुझं काय जातंय?" इज्जा म्हणाली.

"माझं काही जात नाही. पाळी संपली म्हणजे संपली."

"तुदा, तू सख्ख्या पोराचंसुद्धा पाणी तोडशील."

तोडेन की. त्यात काय एवढं?

बुधवार, १३ मार्च

आज सात जण. यिदिर खंगलेला दिसतो. मी त्याच्यापुढे मांसाचा मोठा तुकडा सरकवला तर त्याने तो "यजमानीणबाईंचा मान" म्हणून एका टकल्या म्हाताऱ्याला दिला. म्हातारा मिटक्या मारत होता. मीही मनात त्याचं भलं चिंतलं, जेवढं जमलं तेवढं.

मधेच इज्जा चाळणी मागायला आली. पाण्याचा राग गेलेला नव्हताच. दारातूनच मोठ्याने, "काय गं, यिदिर कधी आला? आणि आईजवळ न बसता असा पाहुण्यांत का बसलाय?" नशीब, सगळं आमच्या भाषेत. एका बाईने विचारलं, त्या काय म्हणाल्या? यिदिर म्हणाला, "पिकांना आशीर्वाद देतायत."

हसू आलं. मग स्वयंपाकघरात जाऊन थोडं रडलेही. कांदा चिरत नव्हते.

बुधवार, २० मार्च

भांडी तशीच पडलीत, आधी हे लिहून काढते.

आठ जण होते. त्यांत ब्रसेल्सची एक मुलगी, इल्हाम. जेवण झालं, चहा झाला. एका गृहस्थांनी यिदिरला सांगितलं, यांना मुलंबाळं किती ते विचारा. यिदिरने विचारलं. माझ्याकडे बघायचं टाळून.

मी म्हणाले, "एकच मुलगा. दर बुधवारी येतो, जेवतो, जातो. घरी मात्र अजून पोचलेला नाही."

यिदिरने भाषांतर केलं, "चार मुलं आहेत. सगळी वर बकऱ्या राखतात."

इल्हामने पेला खाली ठेवला. आणि आमच्या भाषेत, थोडी अडखळत, म्हणाली, "मावशी, हा तुमचा मुलगा का?" तिची आजी आमच्याकडचीच निघाली!

यिदिर किटलीच्या झाकणात तोंड घालून बसला. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. इतके महिने तेच तर केलं. पण कुणी सरळ विचारलंच नव्हतं आजवर.

"हो," मी म्हणाले. "माझाच."

इल्हामने सगळ्यांना सांगितलं. टाळ्या काय, डोळे पुसणं काय! एका बाईने तर मला मिठीच मारली. सगळ्यांना फोटो हवा होता. यिदिरने माझ्या डोक्यावर ओठ टेकवले. दोनदा — पहिल्या वेळी त्यांचं बटण दाबायचं राहून गेलं होतं. त्याचे हात गार होते. मला वाटलं, लाजलाय.

निघताना हळूच म्हणाला, "आई, झालं तुझं समाधान?"

झालं. पुरेपूर झालं.

गुरुवार, २१ मार्च

इज्जाला चाळणी परत मागायच्या निमित्ताने गेले आणि सगळं सविस्तर सांगितलं. दोनदा.

बुधवार, २७ मार्च

गट आला. बरोबर यिदिर नाही, दुसराच कुणी, दात फार असलेला. माझ्या दारावरून तसेच पुढे गेले आणि योगायोगाने इज्जाचं घर सापडलं त्यांना. ताजीन मी आणि कुत्र्याने संपवलं.

यिदिर फोन उचलत नाही.

शनिवार, ३० मार्च

यिदिर आला. एकटाच. डोक्यावर ओठ टेकवले, बघायला कुणी नसताना.

परवापासून त्याला खाली वाळवंटाकडे पाठवतायत, कमीत कमी वर्षभर. त्या आठ जणांनी कंपनीला कौतुकाचं पत्र लिहिलं, की गाईडने आम्हाला चक्क स्वतःच्या आईच्या हातचं जेवू घातलं. आणि कंपनीचा नियम असा, की गाईडने गट नातेवाइकांच्या घरी न्यायचा नाही. तो पहिल्या दिवसापासून नियम मोडून येत होता. सुट्टी म्हणून मिळतच नाही, मला भेटायला त्याच्याकडे बुधवारशिवाय दुसरा वार नव्हता.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, नियम मोडून येऊ नकोस."

म्हणाले असते.