पुन्हा पहिलीत

गुरुजी,

पहिलीत असताना माझं पोट दुखायचं ते कच्च्या बोरांमुळे नव्हे. तुम्ही तसं समजून मला ओवा चावायला द्यायचात आणि मी मुकाट्यानं चावायचो. ते भीतीचं दुखणं होतं. तांड्यावरून शिरडच्या शाळेपर्यंत मी पळत यायचो आणि शाळेचे पत्रे दिसले की पाय जड व्हायचे. घरी आम्ही गोरमाटी, आमची बंजाऱ्यांची बोली, बोलायचो. मराठी मला यायची ती बाजारापुरती. मीठ, गूळ, 'केवढ्याला', 'न्हाई परवडत', एवढीच. शाळेतली मराठी निराळीच निघाली. तिच्यात गोष्टी होत्या, कविता होत्या, आणि 'मग त्याला काय वाटलं असेल?' असले प्रश्न होते. तुम्ही विचारायचात, पोरं हात वर करायची, आणि मी सारवलेल्या जमिनीकडे बघत बसायचो. मला उत्तर येत नव्हतं असं नाही. कधी कधी यायचं. पण ते गोरमाटीत यायचं, आणि ते तोंडातून बाहेर पडलं तर सगळा वर्ग हसेल या धाकानं मी दात घट्ट मिटून घ्यायचो.

वर्ष संपलं आणि बाकीची पोरं दुसरीत गेली. मला तुम्ही पहिलीतच ठेवलं. माझा बाप तडक शाळेत आला. तांड्याचं पोरगं म्हणून मुद्दाम मागं ठेवलं, असं त्याच्या मनात होतं आणि ते त्यानं व्हरांड्यात उभं राहून मोठ्यानं बोलून दाखवलं. तुम्ही आवाज चढवला नाही. तुम्ही म्हणालात, "पोरगं हुशार हाय, ते मला म्हाईत हाय. पण त्याला अजून भाषा आली न्हाई. आता वर ढकललं तर मुकंच वर जाईल, आन् मुकंच बाहेर पडंल. एक साल द्या मला." बापाला ते पटलं नाही. पण त्यानं माझा हात सोडला आणि एकटाच परत गेला.

मला ती शिक्षाच वाटली. माझ्याहून लहान लेकरांत मी गुडघे पोटाशी घेऊन बसायचो. पण शाळा सुटली की तुम्ही मला तुमच्या घरी न्यायला लागलात. तिथं तुम्ही काही शिकवत नव्हता. तुमच्या पत्नीला मी मावशी म्हणायला लागलो; तिच्या चुलीपाशी मला बसवून तुम्ही बाहेर बाजेवर पेपर वाचत बसायचात. मावशी भाकरी थापता थापता विचारायची, "काय करून राहिले मी?" मी म्हणायचो, "भाकर." ती म्हणायची, "भाकर काय? भाकर उडवून राहिले का?" मग मी शब्द शोधायचो, ती थांबायची, तवा तापत राहायचा, आणि केव्हातरी माझ्या तोंडून निघायचं, "थापून राहिले." मराठीत मी पहिल्यांदा हसलो तो त्या चुलीपाशी. मी तुमच्या घरी बसतो, तिथं जेवतो, यावरून तांड्यावर काहीजण बोलले. याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तुमची स्वतःची गोष्ट तुम्ही फार नंतर सांगितलीत, मी हायस्कूलला असताना. निजामाच्या राज्यात तुमचं सगळं शिक्षण उर्दूत झालं होतं. राज्य बदललं, शाळा मराठी झाली, आणि घरी मराठी बोलणाऱ्या, नोकरीला लागलेल्या माणसाला फळ्यावर शुद्ध मराठी लिहायची वेळ आली. पहिले काही महिने खडू उचलण्याआधी ओळ पाटीवर गिरवून बघायचो, असं तुम्ही म्हणालात. ते सांगताना तुम्ही हसत होतात. मी हसलो नाही. तुम्हालाही भीती वाटली होती, हे कळून मला आणखीच भीती वाटली.

मग मी परभणीला शेतकीचं शिकलो. दुष्काळ सरून पाऊसपाणी जरा बरं व्हायला लागलं होतं, आणि मी कुरुंद्याच्या रानांतून हळदीचे कुजके कंद पिशवीत भरून आणायचो, कोणती बुरशी त्यांना खाते ते बघायचो. त्या कामावरूनच जपानला पुढं शिकायला जायची शिष्यवृत्ती मिळाली. आपला भाग तेव्हा परभणी जिल्ह्यातच होता, हिंगोली जिल्हा फार पुढं झाला. सबंध जिल्ह्यातून जपानला कुणी गेल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं. तिकडच्या प्रोफेसरांनी लिहिलं की दोन वाटा आहेत. थेट त्यांच्या प्रयोगशाळेत यायचं, त्यांना स्वतःला इंग्रजी येतं, काम लगेच सुरू होईल. पण व्याख्यानं जपानीत आणि पुढची प्रवेश परीक्षाही जपानीत. नाहीतर आधी वर्षभर भाषेच्या शाळेत बसायचं. मात्र त्या वर्षानंतर जागा मिळेलच असं वचन त्यांना देता येत नव्हतं. शाळेत नापास झालो तर तिथूनच परत.

कॉलेजात सगळ्यांचं मत थेट जावं असं होतं. एकानं विचारलं, तुला डॉक्टरेट करायची का बाराखडी गिरवायची? पण आमच्या एका वरिष्ठांनी मला बाजूला घेऊन दुसरंच सांगितलं. त्यांच्या ओळखीचा एकजण असाच परदेशी थेट प्रयोगशाळेत गेला होता. काय करायचं ते त्याला कुणी सांगू शकेना आणि त्याला विचारता येईना. तो काचेची भांडी धूत राहिला. पदवीवाचून परत आला, बियाण्याचं दुकान टाकलं, आणि तिकडच्या दिवसांबद्दल अवाक्षर काढत नाही. हे ऐकल्यापासून माझं पोट परत दुखायला लागलं, अगदी पहिलीतल्यासारखं. भाषेच्या शाळेत गेलो तर नापास व्हायची भीती, न गेलो तर मुकं राहायची. घरी बाप राहिला नव्हता, धाकटा भाऊ एकटा शेती ओढत होता, आणि मी आणखी एक वर्ष लांब राहायचं म्हणत होतो. याडीनं काहीच अडवलं नाही. तिनं गोरमाटीत एवढंच विचारलं, तिथं दुखलंखुपलं तर कुठं दुखतं ते कसं सांगशील?

म्हणून मी तुमच्याकडे निघालो. आणीबाणीचे दिवस होते, एसटीत माणसं हळू बोलायची. वसमतला गाडी बदलून शिरडला उतरलो, तेव्हा दुपार कलत आली होती. तुम्हाला लकवा झाल्याचं मला ठाऊक नव्हतं. मावशी दारात होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघून उंबऱ्याबाहेरच थबकलो. ती म्हणाली, "काहून उभा राहिलास? ये ना आत. त्यायला बोलता येत न्हाई अजून, पण समजतं सगळं."

तुम्ही आत बाजेवर बसला आहात. उजवा हात मांडीवर ठेवलेला आहे, कुणीतरी आणून ठेवावा तसा. मला बघून तुमचे डोळे हलतात, ओठ हलतात, आणि तुम्ही म्हणता, "किताब." मग मान जोरानं हलवून पुन्हा, "किताब." मावशी म्हणते, "नाव येत न्हाई तोंडात. पण वळखलं तुला. मराठी सगळी गेल्यावानी झाली बघ, येतं ते जास्ती उर्दूच. डॉक्टर म्हनले, येईल हळूहळू." मग ती पेला उचलून तुमच्यापुढे धरते आणि विचारते, "हे काय हाय?" चुलीपाशी मला विचारायची त्याच आवाजात. तुम्ही पेल्याकडे बघता. तो काय आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, ते तुमच्या डोळ्यांत दिसतं. पण तोंडातून निघतं, "खडू." तुम्हालाच ते चुकलेलं ऐकू येतं आणि तुम्ही डावी मूठ गुडघ्यावर मारता. मावशी पेला खाली ठेवत नाही.

गुरुजी, मला तिथून पळून जावंसं वाटलं. जपानला जे होईल म्हणून मी झोप घालवून बसलो होतो, ते माझ्या समोर बाजेवर बसलं होतं. मन शाबूत, जीभ गेलेली. मी काहीही न विचारता परत जाणार होतो. पण मावशी म्हणाली, तू उगा आला न्हाईस, काय ते विचार. मग मी सांगत गेलो. प्रोफेसरांच्या दोन वाटा, नापास झालो तर काय, भांडी धुणारा तो माणूस, सगळंच. तुम्ही माझ्या ओठांकडे बघत ऐकत होतात. मी थांबलो, तेव्हा तुम्ही बोलायचा प्रयत्न सुरू केलात. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, चेहरा लाल झाला, आणि बऱ्याच वेळानं एक शब्द आला.

"बस."

मग डाव्या हाताचा तळवा जमिनीकडे दाबत पुन्हा, "बस."

मावशीनं तुमच्या पाठीशी उशी सरकवली. "थकले. पुरं म्हनतेत," ती मला म्हणाली. मी तुमच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बाहेर पडलो. फाट्यावर गाडीची वाट बघताना तो एकच शब्द माझ्या डोक्यात उलटसुलट होत राहिला. तुमच्या तोंडात जास्त उर्दूच येत होती, म्हणजे बस म्हणजे पुरे. पण पुरे काय? पुरे झालं शिक्षण, जाऊच नको? की पुरे झाली बाराखडी, सरळ कामाला लाग? आणि मराठी धरली तर बस म्हणजे खाली बस, पुन्हा पहिलीत बस. तळवा खाली दाबून तुम्ही आम्हाला वर्गात असंच बसवायचात. मागं फिरून विचारावं असं वाटलं. पण तुमची ती धडपड दुसऱ्यांदा बघायची माझ्यात हिंमत नव्हती. गाडी आली आणि मी चढलो. परभणीला पोचल्यावर मी भाषेच्या शाळेत बसतो म्हणून प्रोफेसरांना कळवून टाकलं. लोक त्याला पुढं दूरदृष्टी म्हणाले. ती दूरदृष्टी नव्हती. तो पेला आणि तुमची गुडघ्यावर आपटलेली मूठ मला विसरता येत नव्हती.

तिथली शाळा एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होती. खिडकीबाहेर बर्फ, आत लोखंडी शेगडी, आणि माझ्या आजूबाजूला माझ्याहून लहान मुलंमुली, कुणी तैवानची, कुणी थायलंडची. पहिल्या चाचणीत मी सगळ्यांच्या खाली होतो. शिकवणाऱ्या बाई वयस्क होत्या. एकदा त्यांनी मला प्रश्न विचारला आणि मी दात मिटून खाली बघत बसलो, तर त्या पुढच्याकडे गेल्याच नाहीत. सगळा वर्ग थांबवून उभ्या राहिल्या. शेवटी त्या सावकाश, मला कळेल अशा शब्दांत म्हणाल्या की चुकलेलं चालेल, गप्प बसलेलं चालणार नाही. त्या दिवशी मी चुकलो, आणि खूप चुकलो. हळूहळू ध्यानात यायला लागलं की ही भाषा वाटते तितकी परकी नाही. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं. आपल्या 'ला' आणि 'चा'सारखे बारके प्रत्यय नामाच्या मागून येऊन चिकटतात. इंग्रजीत मला वाक्य उलटं करून बोलावं लागायचं, इथं ते सरळ चालायचं. हे तुम्हाला सांगावंसं वाटलं. मी लिहिलं नाही. लिहिलेलं तुम्हाला वाचता येत असेल का, हे मला ठाऊक नव्हतं, आणि मावशीला विचारायचा धीर झाला नाही.

प्रवेशाच्या तोंडी परीक्षेच्या आधी गावाकडचं पत्र आलं. मावशीनं शाळेतल्या नव्या मास्तरांकडून लिहवून घेतलं होतं. तुम्ही गेलात. शेवटी शेवटी थोडी थोडी मराठी परत आली होती, चहा मागायचात, मावशीवर रागवायचात. माझ्याबद्दल काही बोललात का, ते त्यात नव्हतं. परीक्षेला बसलो तेव्हा प्रोफेसरांच्या शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, प्रयोगशाळेत इंग्रजीवर भागलं असतं तरी तुम्ही एक वर्ष शाळेत का बसलात? मी तुमच्याबद्दल सांगायला लागलो. तांडा, पहिलीचा वर्ग, मावशीची चूल, जमेल तसं सगळं. सांगता सांगता माझ्या ध्यानात आलं की मी 'माझे गुरुजी शिरडला आहेत' असं बोलतोय. भूतकाळ मला येत होता, चांगला घोटलेला होता. पण तो तोंडातून निघेना. त्या गृहस्थांनी चूक दुरुस्त केली नाही. मला जागा मिळाली.

पुढं पदवी झाली, परत आलो, पुष्कळ वर्षं कुरुंदा-वसमतकडच्या हळदीवर काम केलं, पोरांना शिकवलं. याडी मला भेटली, मी परत येईपर्यंत होती. मावशी मात्र गेली होती. आता माझंही वय झालं. परवा सुपारी कातरायला बसलो तर हातातल्या वस्तूला काय म्हणतात तेच आठवेना. बायको स्वयंपाकघरातून विचारत होती काय पाहिजे, आणि मी अडकित्ता हातात धरून नुसता बघत होतो. शब्द थोड्या वेळानं आला. पण तेवढ्यात मला फार भीती वाटली. उद्या माझी जीभ गेली तर माझ्यापाशी कोणती भाषा उरेल, आणि ती समजणारं घरात कुणी असेल का? माझ्या मुलांना गोरमाटी येत नाही. मीच शिकवली नाही.

हे कुठं पाठवायचं नाही. शिरडच्या त्या घरात आता दुसरी माणसं राहतात, आणि हा कागद मी उद्यापर्यंत ठेवीन की नाही तेही ठाऊक नाही. पण एक गोष्ट मी मावशीलाही सांगितली नव्हती. त्या दुपारी मी तुमचा सल्ला घ्यायला आलो नव्हतो, गुरुजी. तुम्ही 'जाऊ नको' म्हणावं, म्हणून आलो होतो.