बुलेट चालू होऊ नये म्हणून

राजूर, ता. भोकरदन
१२ ऑगस्ट २०२४

ती. परमेश्वरदादास,
आसराचा वाकून नमस्कार. वि. वि. चिठ्ठी लिहिते कारण तुला फोनवर ऐकू येत न्हाई अन् आमच्या घरातला फोन अंगदच्या हातात असतो. राखी सोबत पाठवली. हाताला बांध, मागच्यासारखी डब्यात ठेवू नको.

शेळ्या बऱ्या आहेत, मी बरी आहे. पोरगं अंगानं बरं आहे, डोक्यानं न्हाई. संपत ज्या लोखंडाच्या मिलमध्ये गेला, तिथंच कामाला जातो म्हणून राह्यला. एमआयडीसीतला ठेकेदार घरी येऊन गेला. बापाची जागा पोराला देतो म्हणला, जसं काही ती जागा लई चांगली होती. तांबडी सळई रोलरमधून उसळून माझ्या नवऱ्याच्या पोटात घुसली, त्याला अजून वरीस न्हाई झालं. तुझे कान त्याच मिलनं खाल्ले. अन् हा मला म्हणतो, आई, सगळेच काय मरतात का.

ठेकेदाराची अट एकच. पाळी रातची, त्या टायमाला एसटी न्हाई, येण्याजाण्याला गाडी आपली पाहिजे. म्हणून त्यानं संपतची जुनी बुलेट गोठ्यातून बाहेर काढली. ती चालू झाली की हा गेला.

मी चालू होऊ दिली न्हाई. संपत ठिणगीचं टायमिंग बांधायचा तवा उजेडाला बॅटरी मीच धरायचे. उजव्या अंगाचं झाकण, आत गोल प्लेट, दोन स्क्रू. अंगद दळण आणायला गेल्ता तवा स्क्रू ढिले केले, प्लेट नखाएवढी फिरवली अन् परत आवळले. तवापासून किका मारून राह्यला, बुलेट काही बोलत न्हाई.

टायमिंग कसं बांधायचं ते विचारायला तो तुला लिहिणार आहे. त्याला काही सांगू नको. ओवाळणी म्हणून एवढंच दे.

वहिनीला नमस्कार. माया आहे तशी राहू दे.
तुझी
आसरा


सिन्नर
१६ ऑगस्ट २०२४

चि. आसरास,
परमेश्वरचा आशीर्वाद. राखी मिळाली. सणाच्या आधीच बांधली, तुझा धाक आहे. गॅरेजात ग्रीस लागून काळी झाली, पण हातावर आहे.

अंगदची चिठ्ठी आली. त्याला काही कळवलं नाही. मिलचं तू म्हणतेस ते बराबर आहे. पण प्लेट कुठल्या बाजूला फिरवलीस ते लिहिलं नाहीस, म्हणून हे आधी वाच, मग चूल पेटव.

आतला शाफ्ट ज्या बाजूला फिरतो, त्याच बाजूला प्लेट सरकवली तर ठिणगी उशिरा पडते. बुलेट नुसती फुसफुसते, माणसाला काही होत नाही. उलट्या बाजूला सरकवली तर पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी पडते. मग इंजिन उलटं झटकतं अन् किकचा दांडा मागे येऊन पायावर बसतो. अशा नडग्या मोडलेल्या मी पाहिल्या आहेत. अंगद लिहितो की किक मधूनच पायाला हिसका देते. म्हणजे तू उलटी फिरवली आहेस.

चिठ्ठी वाचली की प्लेट दुसऱ्या बाजूला सरकव, आधी होती तिथं डाग पडलेला असेल, त्याच्याही पलीकडं. बुलेट तरीही चालू होणार नाही, पण पोराचा पाय वाचेल. उद्यावर टाकू नको. तुला सगळ्याच गोष्टींची घाई असते, ती इथं कर.

आठवण ठेवतेस, तशीच ठेव.
तुझा
परमेश्वर


राजूर
२९ ऑगस्ट २०२४

ती. दादास,
आसराचा नमस्कार. वि. वि. अंगदचा उजवा पाय मोडला. राखीनंतरच्या बुधवारी, सकाळी. गुडघ्याखाली दोन्ही हाडं. जालन्याला ऑपरेशन केलं. डॉक्टर म्हणला, आत सळई घातली आहे. मी म्हणले, दुसरा शब्द न्हाई का तुमच्याकडं.

अंगदला वाटतं चूक त्याचीच. मामाच्या चिठ्ठीची वाट बघायला पाहिजे होती म्हणतो.

तुझी चिठ्ठी राखीच्या दिवशीच आल्ती, सोमवारी. टपालवाल्यानं माझ्याच हातात दिली. अक्षर लावून लावून दोनदा वाचली. कळलं न्हाई असं मी म्हणणार न्हाई. पेचकस घेऊन बुलेटपाशी गेले बी. मंग इचार केला. दुसऱ्या बाजूला सरकवली तर नुसती चालू होणार न्हाई, पण ते किती दिवस पुरणार? गुरुवारी इथला बद्रीनाथ मिस्तरी येणार होता. त्यानं बसल्या बसल्या टायमिंग बांधून दिलं असतं अन् पोरगं त्याच आठवड्यात मिलमध्ये गेलं असतं. पाय मोडलेलं पोरगं घरात राहतं. पेचकस जागेवर ठेवून दिला.

बुधवारी तो चपलेवरच किक मारायला निघाला. मी म्हणले बूट घाल. बापाचे बूट काढून दिले, नाड्या मी बांधल्या. बाकी काही म्हणले न्हाई. चुलीपाशी जाऊन बसले.

तुला द्यायच्या तेवढ्या शिव्या दे. पोरगं जित्तं आहे अन् माझ्या डोळ्यापुढं आहे. ही चिठ्ठी जाळ. लिहिणं मात्र बंद करू नको, माहेरचं म्हणून तूच आहे.
आसरा


सिन्नर
५ सप्टेंबर २०२४

चि. आसरास,
आशीर्वाद. चिठ्ठी जाळली. शिव्या लिहायला बसलो होतो, दोन कागद फाडले. तुझी वहिनी काय झालं विचारते, तिला सांगितलं नाही.

अंगदनंही अंथरुणात बसून लिहिलंय. मामा, माझं काय चुकलं, एवढं सांगा म्हणतो. मी त्याला खोटं लिहिणार नाही, अन् खरं कागदावर लिहिण्यासारखं नाही. ते तू सांग. मी दसऱ्याला येतो, त्याच्या आत सांग.

आणखी एक लिहिलंय. तुला बोलला की नाही माहीत नाही. तू डबा आणायला घरी गेली होतीस तेव्हा ठेकेदार दवाखान्यात आला होता, सफरचंदं घेऊन. पाय बरा होईपर्यंत जागा राखून ठेवतो म्हणाला. पोरगं फार खूश आहे. अंगदनंच बुलेट बद्रीनाथ मिस्तरीच्या दुकानात नेऊन ठेवायला सांगितली होती. आता पहिल्या किकला चालू होते म्हणे.

तुझ्यावरची माया जात नाही, हे खरं आहे.
परमेश्वर