आईला स्विच बंद करता यावा म्हणून

बाबा,

आजचा दिवस घरच्या सर्व्हरमध्ये नवे ड्राइव्ह बसवण्यात गेला. सर्व्हर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं, कारण तो तुमच्या पश्चात घरात आला. टीव्हीखालच्या कप्प्यात चपलांच्या खोक्याएवढा काळा डबा आहे. घरातले सगळे फोटो आणि व्हिडिओ त्यात असतात आणि टीव्हीवर बघता येतात. आईला त्यातला एकच व्हिडिओ बघायचा असायचा. तुमच्या महाळुंग्याच्या कंपनीत दसऱ्याला घरच्यांना आत सोडायचे, तेव्हा मी फोनवर काढलेला. तुम्ही इस्त्रीच्या गणवेशात, पत्रे दाबायच्या प्रेसजवळ उभे आहात, मशीनला झेंडूची माळ आहे. आई ताटातलं कुंकू घेऊन हात पुढे करते आणि तुम्ही खेकसता, "हात लावू नकोस! चालू मशीन हाय ती. तुला काय कळतंय का त्यातलं?" आजूबाजूचे हसतात. मग तुम्ही स्विच पाडता, प्रेस पुरती थांबेपर्यंत वाट बघता आणि म्हणता, "हां, आता लाव. बंद केल्याबिगर कुंकू लावायचं न्हाई." आई लावते. संपला व्हिडिओ. आई रोज संध्याकाळी तो बघून हसायची आणि मला दर वेळी तुमचा राग यायचा. चारचौघांत बायकोवर ओरडलेला माणूस रोज कौतुकानं काय बघायचा, असं मी तिला म्हणायचेसुद्धा. ती म्हणायची, "तुला न्हाई कळायचं."

यंदाच्या दसऱ्याला मी जुन्या फोनमधले फोटो सर्व्हरवर चढवायला लावले आणि कासारवाडी स्टेशनबाहेर फुलं आणायला गेले. परत येते तर आईची पूजा उरकलेली. मिक्सर, शिलाई मशीन, माझी स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि वर एकेक फूल. काळ्या डब्यालाही. त्याचा प्लग तिने उपसून काढला होता आणि वायर नीट गुंडाळून शेजारी ठेवली होती. आत फोटो लिहिले जात असताना वीज तुटली. आत फोटो साठवणारे दोन ड्राइव्ह, म्हणजे एसएसडी होत्या, एकीवर जे जाईल त्याची नक्कल दुसरीवर, म्हणजे एक गेली तरी दुसरी आहेच अशी माझी हुशारी. पण दोन्ही एकदम घेतलेल्या, एकाच कंपनीच्या, स्वस्तातल्या. वीज तुटल्यावर कुठे काय ठेवलंय याची नोंदच दोघीही हरवून बसल्या. दुसरीकडे कुठेही प्रत ठेवलेली नव्हती. तो आळस माझा. दुरुस्तीवाल्याने दोन्ही ठेवून घेतल्या आणि आठवड्याने मान हलवत परत दिल्या. इतर बरेच फोटो भावाच्या लॅपटॉपवर सापडले. तुमचा व्हिडिओ नाही सापडला.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. त्या दिवशी शेजारच्या काकू सोनं द्यायला आल्या होत्या, दारातच उभ्या होत्या, आणि मी आईवर ओरडले. "हात कशाला लावलास? तुला काय कळतंय का त्यातलं?" आई ताट हातात धरून उभी होती. म्हणाली, "बंद करूनच लावलं गं मी." काकू आपट्याची पानं टेबलावर ठेवून निघून गेल्या.

तेव्हापासून आई घरातल्या कशालाच हात लावेना. मिक्सर लावायचा तर मला विचारते. मी कामावर असले तर फोन करते, "गीझर चालू करू का गं?" परवा संध्याकाळी घरी आले तर अंधारात बसली होती. "अगं, लाइट तरी लावायचा," म्हटलं, तर म्हणाली, "तू येतच होतीस की." कुरुळीच्या जुन्या खोलीत राहायचो तेव्हा तुम्ही कामावरून आल्या आल्या तिच्यावर तोंडसुख घ्यायला लागलात की मी स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहायचे, आठवतं? तुम्ही मला "वकिलीणबाई" म्हणायचा. आता दारात उभं राहायला कोणी नाही आणि ओरडणारी मी आहे. तुम्ही निदान लगेच मशीन बंद करून तिला "आता लाव" म्हणालात. मी तेही म्हणाले नाही. मला लाज वाटते, बाबा.

मग मी काय केलं, तर पंधरा दिवस ड्राइव्ह शोधत बसले. वेगाकडे बघितलंच नाही, आई एक व्हिडिओ बघणार, तिला वेग कशाला. एसएसडी किती लिहून झाल्यावर झिजते ते बघितलं. दोन वेगळ्या कंपन्यांच्या घ्यायच्या ठरवल्या, म्हणजे दोघी एकदम जायच्या नाहीत. आणि मुख्य म्हणजे, वीज अचानक गेली तरी हातातलं लिखाण पुरं करण्यापुरती वीज पोटात साठवून ठेवणाऱ्या हव्या होत्या. त्या मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरसाठी असतात. ऑफिसातला मित्र म्हणाला, "घरच्या डब्यात कोण घालतं गं असल्या? स्वस्तातल्या घे, डब्याला झाकण लाव आणि आईला सांग हात लावू नको म्हणून." मी म्हटलं, "तेच तर सांगायचं नाहीये." त्याला काही समजलं नाही, मीही समजावलं नाही.

आज त्या बसवल्या. आईला हाक मारली, टीव्हीसमोर बसवलं आणि सांगितलं की आता हा डबा कधीही बंद कर, चालू असताना प्लग ओढ, काही बिघडत नाही, मी मुद्दाम तसल्या आणल्यात. आता तू स्वतः बंद करून बघ, म्हटलं. तिने पदराला हात पुसले, डब्याकडे बघितलं, पुढे मात्र आली नाही. "बरं झालं," म्हणाली. "पण राहू दे. तुझं हाय ते. मला तेवढं सांगून ठेव, आणखी कशाकशाला हात लावायचा न्हाई ते." आणि भाकरी थापायला आत गेली.

तिची माफी मी अजून मागितलेली नाही. ड्राइव्ह आणले, ते बसवले, आता तुम्हाला एवढं लांबलचक लिहिलं, कारण तुम्ही उलटून काही बोलणार नाही. ती चार पावलांवर आहे, थापल्याचा आवाज इथवर येतोय, आणि मला उठवत नाहीये.