मऊ झालेले हात

४ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. शाळेच्या जिन्यावरून मुलींच्या मागे धावणं आता तरी सोड.

सुतारकामाचं दुकान बंद पडल्यापासून हे लाँड्रीत कपडे धुण्याच्या कामावर आहेत, ते तुला कळवलंच होतं. दिवसभर हात साबणाच्या पाण्यात. पण इमारतीतला मान तोच आहे. कुणाची इस्त्री झटका देऊ लागली की ‘बिनझटक्याच्या सुतारा’ला हाक जाते. मग आमचे सुतारबुवा चालू तारेला खुशाल बोट लावतात आणि सांगतात, हो, इथे वीज आहे. ह्यांना म्हणे नुसत्या मुंग्या येतात. इतकी वर्षं मीही हसतच आले.

आता ही कीर्ती लाँड्रीच्या मालकापर्यंत गेली आहे. तिथलं कपडे पिळायचं मोठं यंत्र हात लावला की चावतं. वायरमन बोलवायचं सोडून मालकाने ह्यांनाच सांगितलं, की तेरा तारखेच्या रविवारी लाँड्री बंद असताना ये आणि वीज कुठून गळते ते बोटाने शोधून दे. हे खुशीत आहेत. मला मात्र झोप नाही. तू विज्ञान शिकवतेस. एखाद्या माणसाला वीज लागतच नाही, असं खरंच असतं का? असतं म्हणून लिही, म्हणजे मी निवांत झोपेन.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
धाकटी

७ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

नसतं. असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. तुझं पत्र वाचलं आणि चहासुद्धा बाजूला ठेवून लिहायला बसले.

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आण. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला दाब. विजेचा तसा दाब म्हणजे व्होल्टेज. घरच्या तारेत तो दोनशे तीस व्होल्ट, मग बोट लावणारा राजा असो की सुतार. आणि प्रत्यक्ष वाहतं ते पाणी म्हणजे करंट. दाब तोच असला तरी किती वाहणार ते नळ किती उघडा आहे त्यावर ठरतं. माणसाची कातडी हा तो नळ. शिवाय करंटला वाट पुरी लागते: तारेतून हातात, छातीतून पायांत, पायांतून जमिनीत. तुझ्या नवऱ्याच्या हातांना रंध्याने घट्टे पडलेले होते आणि पायाखाली कोरडी फळी असायची. नळ जवळजवळ बंद होता, म्हणून मुंग्यांवर भागलं. त्यात त्यांचा पराक्रम काही नाही.

कातडी मऊ आणि ओली झाली की तोच नळ पन्नासपट उघडू शकतो. दाब तेवढाच राहतो आणि माणूस जातो. हृदयाचा ठोका चुकवायला ॲम्पियरचा दहावा हिस्साही पुरतो. आजच त्यांचे हात चाचपून बघ. मी फार रागावले आहे असं सांग, रडून बघ, काहीही कर, पण त्यांना जाऊ देऊ नकोस.

आशीर्वाद आहेतच, पण उत्तर आधी धाड.
ताई

१२ मार्च, शनिवार

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

चाचपले. पूर्वी ह्यांचा हात गालाला पॉलिशपेपरसारखा लागायचा. मागे मला ताप आला तेव्हा ह्यांनी कपाळावर हात ठेवला, तो इतका मऊ लागला की मला कोण सुख वाटलं. तेव्हापासून मी रोज त्यांच्या तळव्यांना तेल चोळत होते. आता ती तेलाची बाटली फडताळात ठेवून दिली आहे.

तुझी टाकी, नळ, सगळं सांगितलं. हे म्हणाले, पुस्तकातली वीज वेगळी. मग म्हणाले, दुकान गेलं, हत्यारं माळ्यावर गेली, लोकांनी हाक मारावी अशी एवढीच एक गोष्ट माझ्यापाशी उरली आहे. मी रडले, अबोला धरला, जेवले नाही. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

तिथली फरशी कायम ओली असते. बाकीचे गमबूट घालतात म्हणून आजवर निभावलं. हे म्हणतात, बूट घातले तर बोटांना काही कळत नाही. उद्या मीही बरोबर जाणार आहे. हे पत्र तुला मिळेल तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. मला फार भीती वाटते, ताई.

आठवण काढत जा.
धाकटी

१४ मार्च

ति. ताईंना,
सा. न. वि. वि.

माझं अक्षर बघून घाबरू नका. दोघंही जिवंत आहोत. धाकटीचं मनगट सुजलंय, म्हणून मी लिहितोय. ती सूज माझ्यामुळे आहे.

काल यंत्र चालू केलं, चपला काढल्या आणि ओल्या फरशीवर उभा राहिलो. बोट पुढे करणार, तर ही मध्ये आली. म्हणाली, तुमचे हात आता माझ्याइतकेच मऊ आहेत. तुम्हाला काही होणार नसेल, तर मलाही होणार नाही. आधी मी लावते. आणि तिने खरंच हात पुढे केला. मी तिचं मनगट धरून असं ओढलं की ती कपड्यांच्या ढिगात जाऊन पडली. तिथूनच विचारू लागली, का ओढलंत? खात्री असती तर मी ओढलं नसतं, ताई. बायकोचा हात दिसला तेव्हा कळलं, की माझी खात्री कधीच संपली होती.

मग चपला घातल्या. बल्बला दोन तारा जोडल्या. एक तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधली आणि दुसरीचं उघडं टोक कोरड्या काठीने यंत्राच्या अंगावर टेकवलं. मिणमिणेल असं वाटलं होतं. तो लख्ख पेटला. म्हणजे यंत्राच्या अंगात पुरी वीज होती. मेन स्विच पाडला, मालकाला वायरमन बोलवायला सांगितलं आणि हिला घेऊन घरी आलो.

आज सकाळी वरच्या शिंपीणबाईंनी शिलाई यंत्राची मोटर बघायला हाक मारली. जिन्यात चारसहा जण उभे होते. मी दारातूनच सांगितलं, बाई, वायरमनला बोलवा, मला शॉक लागतो. कुणीतरी हसलं. हिने आतून येऊन, सगळ्यांदेखत, माझा हात धरला.

रागवायचं तेवढं रागवा, पण आमची चौकशी सोडू नका.
तुमचा,
सुतार