मासळीच्या गाडीचा जाम बोल्ट

मुलुंड पूर्व, बुधवार

चिरंजीव धोंडिराम यास थोरल्या बहिणीचा डोक्यापासून पायापर्यंत आशीर्वाद. फक्त फोन न उचलणारा उजवा हात तेवढा वगळून. गुडघा कसा आहे? सून वेळेवर जेवायला घालते ना? (घालत असणार. नाहीतर तूच फोन केला असतास.) मी बरी आहे. साखर गोळीच्या धाकात राहते आणि बीपी नातवाच्या, विशालच्या, गाडीबरोबर चढतो-उतरतो. अक्षर नात श्रुतिकाचं, जीभ माझी. मी मालवणीत सांगते आणि ही मेली त्याला इस्त्री मारून लिहिते. तेव्हा शिव्या कमी वाटल्या तर दोष तिचा.

तू पसंत केलेल्या गाडीविषयी लिहायचं आहे. घाबरू नकोस, गाडी चालते. थांबतेसुद्धा. मधल्या वेळात उडते, एवढंच. मालवणच्या मासळीवाल्याकडून विशालने ही पिकअप घेतली तेव्हा तू टायरला लाथ मारून म्हणालास, "एकदम झकास!" लाथ मारलीस रे बाबा, पण खाली वाकून बघितलं नाहीस. दहा वर्षं बर्फाचं खारट पाणी मागच्या बाजूने ठिबकत होतं, तिथे आता लोखंड कमी आणि गंज जास्त. वास अजून तसाच आहे. सोसायटीतली झाडून सगळी मांजरं गाडीखाली सभा भरवतात.

आता खरी गोष्ट ऐक. विशालने गोदामातली नोकरी सोडली, हे तुला माहीत आहे. त्याला पहिलंच पक्कं काम मिळायच्या बेतात आहे. कांजूरमार्गला सुबोध म्हणून एकाचा काचेच्या टाक्यांचा कारखाना आहे, लोक घरात शोभेचे मासे ठेवतात त्या टाक्यांचा. रोज दोन फेऱ्या, वर्षभर. (मेलेल्या माशांची गाडी जिवंत माशांच्या घरांना लागली, म्हणजे बढतीच की.) पण सुबोध पक्का माणूस. त्याने गाडीत मागे पाण्याने भरलेला पेला ठेवला आणि म्हणाला, मुलुंड चेकनाक्यापर्यंत जाऊन ये. विशाल परत आला तेव्हा पाणी राहू दे, पेलाच सापडला नाही. सुबोधने सांगितलं, सोमवारी सकाळी पहिला माल भरायचा. तोवर मागचे दोन्ही शॉकअप नवे बसले तर काम तुझं, नाहीतर दुसरा गाडीवाला बघतो. दुसरा आला की विशाल पुन्हा गोदामात. आणि गोदामातून आलेला विशाल जेवताना एक शब्द बोलत नाही. ते मला बघवत नाही.

शॉकअप म्हणजे गाडीचे धक्के स्वतः खाणारी नळी. (घरातलं हे काम मी सासू झाल्यावर सोडलं.) नवी जोडी शनिवारीच आली, टीव्हीशेजारी पाहुण्यांसारखी बसून आहे. पण जुनी निघेल तर ना! वरचे बोल्ट सुटले, खालचे दोन, एक उजवा आणि एक डावा, गंजून असे बसले की जणू जागा त्यांच्या नावावर आहे. विशालने पान्याला चार फुटी पाइप लावला आणि लोंबकळला. नट हलला नाही, नटाचे कोपरे गेले. पाना सटकला आणि हा मांजरांच्या सभेत जाऊन पडला. मग सोसायटीतले पुरुष जमले. ज्यांनी जन्मात घरातला बल्ब बदलला नाही, ते कमरेवर हात ठेवून वाकले. एक म्हणतो उलटा फिरव, दुसरा म्हणतो सुलटा. विशाल खाली उताणा, त्याला कुठलं उलटं नि कुठलं सुलटं! अर्धा तास घाम गाळून त्याने तो बोल्ट आणखी आवळला.

शेवटी नाहूरच्या गॅरेजवाल्या चंद्रप्रकाशला आणलं. तो वाकला, बॅटरी मारली आणि म्हणाला, "आजी, ये निकलेगा नहीं, टूटेगा." मी म्हटलं, "तू मेकॅनिक की ज्योतिषी? हात लाव आधी." तसा तो बसला. गुणी आहे हो. तारेच्या ब्रशने गंज खरवडला, गंज सोडवणारा स्प्रे मारला, हातोडीने चारी बाजूंनी टकटक केलं आणि सरळ निघून गेला. सकाळी टकटक, संध्याकाळी टकटक, मध्ये विश्रांती. रुसलेल्या व्याह्याचं असंच असतं बघ. ओढायचं नाही. हळूच विचारायचं, चहा ठेवायचा आणि उठून जायचं.

काल दुपारी त्याने गॅसच्या ज्योतीने नट लाल केला. आतलं रबर पेटलं आणि दहा वर्षांचं मासळीचं पाणी धूर होऊन वर चढलं. तिसऱ्या मजल्यावरून हाक आली, "बांगडे कुणाकडे भाजतायत?" एक बाई तर ताटली घेऊन जिना उतरली. तेवढ्यात खालून कर्रर आवाज झाला आणि बोल्ट फिरला! विशाल काळाठिक्कर होऊन बाहेर आला, जिने चढून वर आला आणि तो कोमट बोल्ट माझ्या पदरात ठेवला, बाळ ठेवावं तसा. रात्री चार भाकऱ्या खाल्ल्या आणि चारही भाकऱ्या बोलत खाल्ल्या.

तेव्हा काळजी नसावी. सुनेला आशीर्वाद, नातवंडांचे मुके.

तुझी
रत्नाबाय

ता. क. निघाला तो उजवीकडचा. डावा ज्योतीलाही बधला नाही, आहे तिथेच आहे. कापायला जावं तर त्याला धरणारा लोखंडी कान पापडासारखा झालाय, तोही बोल्टाबरोबर येईल. मग वेल्डिंगला आठ दिवस, आणि सोमवार गेला.

ता. क. दुसरा. (लिही गो श्रुतिका, माझ्या तोंडाकडे काय बघतेस?) डावा अडला तो माझ्यामुळे. तीन दुपारी सगळे झोपले की मी गुपचूप खाली जाऊन त्यावर कोकमाचं आगळ ओतत होते. तांब्याची भांडी त्याने लख्ख होतात, म्हटलं बोल्टाने काय घोडं मारलंय? चंद्रप्रकाश म्हणतो, आंबट गंज खातं खरं, पण आगळातलं मीठ त्याच्या दुप्पट वाढवतं. आगळ तू धाडलेलं, मीठ तुझ्या हातचं. म्हणजे अर्धा गुन्हा तुझा. विशालला यातलं काही माहीत नाही.

ता. क. तिसरा, आणि पत्र लिहिलं ते ह्याचसाठी. गिरणीच्या वर्कशॉपात तू फिटर होतास, तेव्हा साहेबाच्या काळातले बोल्ट न मोडता काढायचास. चंद्रप्रकाशला हे सांगितलं तर तो म्हणाला, "ऐसा आदमी है तो बुलाओ ना." हे पत्र आजच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतेय, उद्या तुला मिळेल. उत्तर धाडू नकोस, तेवढा वेळ नाही. शुक्रवारची बस धर आणि हातोडी घेऊन तूच ये. शनिवार-रविवार दोन दिवस पुष्कळ झाले. विशालने विचारलं तर सांग, बहिणीची आठवण आली म्हणून आलो. (खोटं असलं तरी चालेल. मी ऐकायला दारात उभी राहीन.)