शिकून राहिलो

२ फेब्रुवारी, लातूर
आजपासून सीरियस. गेलं वर्ष पाया पक्का करण्यात गेलं, आता वरचं बांधकाम. उन्हाळ्याच्या आत पुण्याच्या कंपनीत वेब डेव्हलपर. टाइमटेबल केलं: पहाटे जावास्क्रिप्ट, दुपारी रिअ‍ॅक्ट, संध्याकाळी इंटरव्ह्यूचे प्रश्न. प्रत्येकाला वेगळा रंग. फार सुंदर दिसतं. भिंतीला लावायला टेप नव्हता, तो आणायला गंजगोलाईत गेलो. त्यात दिवस गेला, पण टाइमटेबल तसंही उद्यापासूनचंच आहे.

५ फेब्रुवारी
पहाटे उठलो नाही. अभ्यासिकेत नीटची पोरं इतकी मान खाली घालून बसतात की बघूनच दडपण येतं. त्यांचं पाठांतर, माझं लॉजिक. लॉजिकला मोकळं डोकं लागतं. म्हणून चहाला बाहेर पडलो. तिथून रूमवर.

निलंग्याहून अव्वाचा फोन. अप्पांना परत धाप लागली. डॉक्टर म्हणतात, पिठाची धूळ छातीत बसली आहे, गिरणी बंद करा. अप्पा म्हणतात, अमरचं झालं की त्याच दिवशी पट्टा उतरवतो. तुजं कुटवर आलंय, असं अव्वाने विचारलं. म्हटलं, शिकून राहिलो. तर म्हणे, मागल्या दिवाळीलाबी शिकूनच राहिला होतास. आईलोकांना टेक्निकल गोष्टी समजत नाहीत.

१३ फेब्रुवारी
पोर्टफोलिओ हवाच. अप्पांच्या गिरणीचीच वेबसाइट करायला घेतली. म्हणजे घरचं काम आणि करिअर, दोन्ही एकदम. पहिलं पान तयार: वर 'मल्लिनाथ पिठाची गिरणी, निलंगा', खाली 'काम चालू आहे'. फॉन्ट निवडायला वेळ लागला. फॉन्टकडे लोक दुर्लक्ष करतात.

रूम पार्टनर फरहान मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात असतो. त्याने पान वर-खाली करून बघितलं आणि विचारलं, यात गिरणी कुठंय. त्याला सांगितलं, गिरणी बॅकएंडला असते.

२१ फेब्रुवारी
'इंटरव्ह्यूत हे एक वाक्य चुकूनही बोलू नका' हा व्हिडिओ बघितला. वाक्य: मला येत नाही. आजपासून बंद. लाल पेनाने लिहून टाइमटेबलवर चिकटवलं. त्यामुळे खालचं जावास्क्रिप्ट झाकलं गेलं, पण ते तोंडपाठ आहे. टाइमटेबल म्हणजे. जावास्क्रिप्ट नाही.

सगळे व्हिडिओ दुप्पट स्पीडने बघतो, त्यामुळे निम्मा वेळ वाचतो. वाचलेल्या वेळात झोपलो.

४ मार्च
पुण्याहून फोन! एचआर मॅडम. आधी इंग्रजीत, मग माझी अडचण ओळखून मराठीत. एकदम पुस्तकातली मराठी. रिअ‍ॅक्ट येतं का, विचारलं. नियम आठवला. म्हटलं, शिकून राहिलो. त्या म्हणाल्या, अच्छा, शिकून झालंय. कीबोर्डचा आवाज येत होता. प्रोजेक्ट? म्हटलं, दोन करून राहिलो. म्हणाल्या, म्हणजे प्रोजेक्ट पूर्ण करून तुम्ही लातूरलाच राहिलात? हाव म्हटलं. लातूरलाच राहतो, त्यात खोटं काय? प्रोफाइल छान आहे, सोमवारी टेक्निकल राउंड.

'झालंय' हा शब्द त्यांचा, माझा नाही. मोठ्या पदावरच्या माणसाला मधेच अडवणं बरं दिसत नाही.

५ मार्च
अव्वाने विचारलं, फोन आलता म्हनं, झालं का? पहिला राउंड झालाच होता. म्हटलं, झालं. 'पहिला राउंड' हे जोडायचं राहून गेलं, कारण तिने लगेच फोन अप्पांना दिला आणि अप्पा रडायला लागले. नुसती धाप ऐकू येत होती आणि मधेच हुंदका.

फरहान म्हणाला, अमर, अब्बी फोन लाव आणि सांगून टाक. त्याला समजावलं, सोमवारी टेक्निकल पास झालो की सांगायला काही उरणारच नाही. त्याने माझा फोन उचलून माझ्या हातात ठेवला. छातीत कसंतरी होतं आहे. गॅस असेल.

८ मार्च
अप्पांनी शब्द पाळला. पट्टा उतरवला. देवणीचा एक गिरणीवाला कधीपासून मागतच होता, तो टेंपो घेऊन आला आणि दगड, मोटर, सगळं घेऊन गेला. गल्लीत पेढे वाटले. हे अव्वाने हसत हसत सांगितलं.

भीती वाटते आहे. खूप. जावास्क्रिप्टचं पुस्तक उघडलं. पहिल्या धड्यात सगळीकडे माझ्याच खुणा, गेल्या वर्षीच्या. दुसरा धडा कोरा. असो. दडपणाखाली माझं डोकं जास्त चालतं.

९ मार्च
टेक्निकल राउंड. पंचशीला मॅडम. स्क्रीन दाखवा म्हणाल्या. गिरणीचं पान दाखवलं. छान, आता आत जाऊ या, म्हणाल्या. आत काही नव्हतं. मग सोपा प्रश्न दिला: यादीत दोनदा आलेले आकडे एकदाच ठेवा, कोड लिहा. 'फंक्शन' लिहिलं. कंस उघडला. कंस बंद केला. कंसाच्या आत काय, ते आठवेना. म्हटलं, लिहून राहिलो.

मॅडम थांबल्या. मग एकदम आपल्यासारखं बोलायला लागल्या. म्हणाल्या, "अमरनाथ, मी नांदेडची हाय. आमच्या एचआरला समजलं न्हाई, पर करून राहिलो म्हंजी अजून चालूच हाय, हे मला समजतंय." रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. परत अर्ज करा म्हणाल्या, पण काहीतरी केलेलं घेऊन या.

पुण्याच्या बाई पास करतात आणि आपलीच माणसं नापास करतात. मराठवाडा मागे राहतो तो यामुळे.

११ मार्च, निलंगा
एसटीने घरी आलो. गिरणीच्या जागी फरशीतून वर आलेले बोल्ट तेवढे राहिलेत. भिंतींवर पीठ तसंच. अप्पा तिथेच खुर्ची टाकून बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. धाप नव्हती. चेहरा तरतरीत दिसत होता, आणि त्याचंच मला वाईट वाटलं.

विचारलं, कवा जायचं पुण्याला? बसमध्ये उत्तर घोकून आलो होतो. ऐनवेळी तोंडातून निघालं, बघून राहिलो.

अप्पांना पुण्याची मराठी येत नाही. आपली येते. त्यांनी पायाने एका बोल्टावरचं पीठ झाडलं. मग अव्वाला म्हणाले, देवणीला फोन लाव, गिरणीवर माणूस लागतंय का इचार. अव्वाने विचारलं, कुणाला धाडताव? ते स्वतःच्याच बाह्या वर सारायला लागले.

मी म्हटलं, मी जातो. त्यांनी विचारलं, दगड घासला की त्याला टाकी लावून धार काढायला येतंय का? शिकून राहिलो, एवढं ओठावर आलं होतं.

येत न्हाई, म्हटलं.

अप्पांनी मान हलवली. म्हणाले, मग माझ्यासंगं चल, दावतो. तोंडाला रुमाल बांधून घे, पीठ लई वाईट असतंय.

कपाटातून दोन रुमाल काढून ठेवले आहेत.